खिडकीची जागा वुसुमुझीची

"आजोबा, ही फांदी वर ठेवू का? काटे लागतील कोणाला तरी," हवाईसुंदरी म्हणाली.

म्बोंगेलेनी म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रानबोरीची फांदी त्याने खिडकीकडच्या रिकाम्या खुर्चीत नीट बसवली आणि तिच्यावरचा हात काढला नाही.

"ते बोलणार नाहीत, ताई," पलीकडून त्याची मुलगी नोकुखान्या म्हणाली. "माझा भाऊ आहे तो. घरी नेतोय. तिकीट काढलंय त्याचं."

हवाईसुंदरीही त्यांच्यासारखी झुलू जमातीचीच. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. "माफ कर हं भाऊ," असं फांदीला म्हणून तिने पट्टा आवळला. "पण पट्टा काही तुलाही चुकत नाही."

म्हाताऱ्याचा थोरला मुलगा वुसुमुझी जोहान्सबर्गात वारला होता. शवपेटी खाली सामानात होती. पण जीव येतो तो फांदीवर. फांदी ज्याच्या हाती, त्याने घर येईपर्यंत मेलेल्याखेरीज कोणाशी चकार शब्द बोलायचा नाही. वाट मात्र त्याला सांगत राहायची. एखादी नदी सांगायची राहिली तर जीव अलीकडच्या काठावरच थांबतो, आणि मग तो कायमचा पोरका.

म्हाताऱ्याने आपल्या भावाला असंच आणलं होतं, मोटारीने, पुलापुलावर थांबत. त्यात अख्खा दिवस मोडला होता. आता दफन उद्यावर आलेलं, म्हणून विमान.

खाली नुसते ढग. नोकुखान्याने मोबाइलवर नकाशा उघडला.

"बाबा, वाल नदी."

म्हातारा फांदीकडे झुकला. "वुसुमुझी, वाल नदी आली, बाळा. ओलांडतोय. ये माझ्या मागनं." सावकाश, समजावून सांगितलं. मान वर करतो तोच मुलगी म्हणाली, "बाबा, डोंगर."

डोंगर सांगून होईतो तुगेला नदी आली.

"आवरा बाबा, नदी चाललीय!"

म्हाताऱ्याची तारांबळ उडाली. "तुगेला, बाळा, तुगेला! पाय उचल. मागं राहू नकोस रे!" चहा विचारायला आलेली हवाईसुंदरी न विचारताच पुढे गेली.

तेवढ्यात वैमानिकाचा आवाज आला. डर्बन आलं, पट्टे बांधा.

म्हातारा थबकला. ढग विरून खाली उसाचे मळे दिसायला लागले होते. आपल्याकडचेच. तो बघत राहिला. मग पुन्हा फांदीकडे वळला, पण आता तो वाट सांगत नव्हता.

"एवढंच होतं होय रे?" तो म्हणाला. "नऊ वर्षं फोनवर मला सांगत होतास, 'बाबा, घरी यायला लांब पडतं' म्हणून."

नोकुखान्याने मोबाइल बंद केला. तीही जोहान्सबर्गातच राहायची, आणि फोनवर तीही तेच सांगायची. तिघांत उत्तर देऊ शकेल अशी ती एकटीच होती. पण तिला कोणी विचारलं नव्हतं.