खरखर

दोघी बहिणी एकत्र गायल्या आणि सगळ्यांनी कौतुक केलं ते धाकटीचं, तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखत होतं. धाकटीची चूक पकडायला घरच्या कॉम्प्युटरचे स्पीकर पुरेनात, म्हणून ती दुकानात जाऊन त्या गाण्याचं रेकॉर्डिंग लावून एकेक हेडफोन पारखू लागली.

"हा बघा ताई. यात श्वाससुद्धा लपत नाही," दुकानदार म्हणाला.

सापडली! अंतऱ्यात धाकटीचा सूर चक्क उतरला होता. थोरलीने खूश होऊन पुन्हा ऐकलं. आधी तिचा स्वतःचाच उतरला होता. तो उघडा पडू नये म्हणून धाकटीने आपलाही अलगद खाली आणला होता.

तिने हेडफोन काढून ठेवला.

"आवडला ना?"

"छे! मगाचाच द्या. याच्यात फार खरखर आहे."