सोमवारची यादी

पीएच.डी.ची मुलाखत देऊन आल्यापासून भावना बोईसरच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरसमोर बसायची खरी, पण जीव सगळा विद्यापीठाच्या यादीत अडकलेला. राज्यशास्त्राला यंदा जागा एकच होती. दिवाळी झाली की अख्खा पाडा वीटभट्टीवर निघून जातो, मग त्यांच्या मताचं होतं काय, हा तिचा विषय. मुलाखतीत सर म्हणाले होते, "असा विषय घेऊन आजवर कोणी आलं नव्हतं." तेवढ्या एका वाक्यावर तिच्या आईने पाडाभर सांगून टाकलं होतं, "माजी पोर डाक्टर होनार हाय, पन सुई टोचनारी नाय!"

यादी सोमवारी लागणार होती. शनिवारी दुपारी सालवडचा नेहमीचा कार्यकर्ता दुकानात आला. त्याने आमदारसाहेबांच्या मुलाचा, भाग्येशदादांचा, गॉगलवाला फोटो पाठवला आणि मजकूर सांगायला लागला. भावनाला याची सवय होती. वाढदिवस असो की नवी गाडी, दादांना नाक्यावर टांगल्याशिवाय इथे काही साजरं होत नाही. तिची बोटं सवयीने चालत होती.

"राज्यशास्त्र विषयात पीएच.डी.साठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन..."

बोटं थांबली.

"पन यादी तर सोमवारी लागनार हाय ना?" तिने कसंबसं विचारलं.

 

"म्हनून तर आजच आलो, ताई. सोमवारी तुमच्याकडे गर्दी असते."