पक्कं, बहुतेक, असंल

"माय, एका शब्दात सांग. आज आळ्या कोष करतील का न्हाई?"

प्रियदर्शनी चपला बाहेर काढून रेशमाच्या शेडमध्ये आली होती. एका कानात इयरफोन, त्यात रोमानियन भाषेचा धडा चालू. तिची आई नंदाबाई रॅकवर वाकून तुतीच्या पानांवरच्या आळ्या निरखत होती.

"हळू बोल. त्यांना ऐकू येतंय."

"त्यांना कान नसतात, माय."

"तुला त्यांनी सांगितलं का?"

वडीगोद्रीच्या शिवारातल्या या शेडचा कायदाच होता, कोष हातात पडेपर्यंत आत चांगलं बोलायचं न्हाई, दृष्ट लागते. आळ्या कशा आहेत? बघू. वजन भरंल का? बघू. नंदाबाईचं हे 'बघू' शेजारच्या लेकरांनासुद्धा पाठ होतं.

पण आज 'बघू' चालणार नव्हतं. प्रियदर्शनीला रोमानियातल्या एका वृद्धाश्रमात नर्सचं काम मिळालं होतं, दोन वर्षांसाठी. दुपारच्या आत एजन्सीच्या हरिओम सरांना हो की नाही ते कळवायचं होतं. घरात माणसं दोनच, ही आणि तिची आई. आईनं हो म्हटलं तरच जायचं, हे पोरीनं स्वतःच ठरवलेलं. आणि आईचं आठवडाभर एकच, बघू.

"हे बघ, आजचा धडा सोपा हाय," प्रियदर्शनी म्हणाली. "पक्कं असलं की सिगुर. बहुतेक असलं की प्रोबाबिल. असंल न्हाईतर नसंल, तर पोआते. शिकवणाऱ्या मॅडम म्हणल्या, घरच्यांना प्रश्न विचारून पाठ करा. सांग, उद्या सूर्य उगवंल का?"

नंदाबाईनं एक आळी उचलून उजेडाकडं धरली. "पोआते."

"अगं माय! सूर्याचं तरी पक्कं म्हण की."

"मी उद्या उठणार का न्हाई तेच मला ठाऊक न्हाई. सूर्याचं कुठून सांगू?"

प्रियदर्शनीला हसूही आलं आणि रागही आला. अशा बाईच्या तोंडून हो कसं काढायचं?

"बरं, मला विमानात उलटी होईल का?"

"पोआते."

"तिकडच्या बर्फात मी आजारी पडीन का?"

"प्रोबाबिल," नंदाबाई म्हणाली. "स्वेटर घालायचा कंटाळा तुला."

चला, एक पायरी तरी चढली. प्रियदर्शनी पुढचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात आईनं तिचा दंड धरला.

"जल्दी इकडं ये. त्या मशीनचं बटन काढ कानातून. हिनं खाणं सोडलंय बघ."

आळी पिकली होती. द्राक्षासारखी, आरपार उजेड दिसावा अशी. नंदाबाईनं तिला अलगद चंद्रिकेवर ठेवलं. चंद्रिका म्हणजे कोष विणायला आळ्यांना द्यायची जाळी. आळीनं पुढचं अंग वर उचललं आणि मान इकडून तिकडं फिरवायला लागली. प्रियदर्शनी नर्सिंगसाठी होस्टेलवर राहिलेली, सुट्टीत यायची तेव्हा तयार कोषच बघायला मिळायचे. ही सुरुवात तिनं कधी पाहिलीच नव्हती. ती श्वास रोखून बघत राहिली.

आधी काहीच दिसेना. नुसती मान फिरायची. मग दाराकडून जरा उजेड आला आणि हवेत एक रेघ चमकली. नखानं ओढावी एवढी बारीक. मग दुसरी. आळी थांबत नव्हती, मागं वळून बघत नव्हती, चुकत नव्हती. महिनाही न झालेला जीव. अंडी घालून हिची आई केव्हाच मेलेली, कोष कसा असतो ते हिला दाखवणारं जगात कुणी न्हाई.

"हिला कुणी शिकवलं गं?" तिचा आवाज आपोआप खाली आला.

"कुणीच न्हाई. मी दर वेळी बघते आणि दर वेळी माझं डोकं चालायचं थांबतं."

"म्हणजे हिला पक्कं ठाऊक हाय."

"हिला हाय, बाई. आपल्याला न्हाई."

शेजारच्या आणखी दोन आळ्यांनी माना वर केल्या. नंदाबाईनं त्यांना उचलून जागेवर ठेवलं, हात पदराला पुसले आणि पोरीकडं वळली.

"आता मी विचारते. दोन वर्षांनी माघारी येशील का तू?"

'सिगुर' जिभेवर तयारच होता. एवढासा शब्द. म्हटला की मायही खूश, सरही खूश. पण हसनाबादची दैवशाला अशीच दोन वर्षांसाठी परदेशी कामाला गेली आणि लग्न करून तिकडंच राहिली. निघताना तिलाही हे कुठं ठाऊक होतं? प्रियदर्शनीनं त्या जाळीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. खोटं बोलायला तिचं तोंडच उघडेना.

"पोआते," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

नंदाबाई तिच्याकडं बघत राहिली. मघाशी आळीकडं बघत होती तशीच, डोळे मोठे करून.

"कळव तुझ्या त्या सरांना," शेवटी ती म्हणाली. "जाते म्हणून सांग."

"माय, मी पोआते म्हणले. तू ऐकलं ना बराबर?"

"ऐकलं की. बहिरी हाय का मी?" नंदाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं. "सिगुर म्हणली असतीस ना, तर गावाबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं."