बदकीणबाईची चाल

पडद्यावर बदकीणबाई चालू लागली आणि सगळं सभागृह हसत सुटलं. डावा पाय पुढे टाकण्याआधी ती पंख गुडघ्यावर दाबायची, हनुवटी वर उचलायची, मग अख्खं अंग एका बाजूला कलंडून पुन्हा सावरायचं. मुलं खुर्च्यांवरून उठून तिची नक्कल करत होती. पहिल्या रांगेत दिनानाथ मान खाली घालून बसले होते. ही बदकीण त्यांनीच काढलेली. शेजारी त्यांची बायको, कुंदाताई. तिच्याकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.

अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या एका शाळेत दिनानाथांचा सत्कार होता. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईच्या एका कार्टून स्टुडिओत घालवली होती. खालून दिवा लावलेल्या काचेवर कागदावर कागद ठेवायचा आणि आधीच्या चित्राहून केसभर वेगळं चित्र काढायचं. दिवसभर मान मोडून काम केलं की पडद्यावर कुणाच्या तरी डोळ्याची उघडझाप व्हायची. कॉम्प्युटर आले आणि स्टुडिओ बंद पडला. मग दिनानाथ उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या कपड्यांच्या कारखान्यांना, लहान मुलांच्या जीन्सवर भरायला ससे आणि अस्वलं काढून देऊ लागले. त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही. लाज वाटायची ती बदकीणबाईची. आणि आता ॲनिमेशनचे क्लास चालवणाऱ्या भूपेशने नेमकी तीच जुनी फिल्म शोधून इंटरनेटवर टाकली होती. घराघरातल्या मोबाइलवर बदकीण चालत होती.

ती चाल त्यांना खऱ्या बदकात सापडलीच नव्हती. तेव्हा ते विठ्ठलवाडीच्या चाळीत राहायचे. बदकीण काही केल्या चालत नव्हती, नुसती सरकत होती. स्टुडिओतले साहेब वैतागले होते. अशाच एका सकाळी ते गॅलरीत उभे असताना खालून कुंदा भाजीची पिशवी घेऊन येताना दिसली. लहानपणी पोलिओने गेलेला डावा पाय, गुडघ्यावर दाबलेला हात, वर उचललेली हनुवटी. दिनानाथ आत गेले आणि पेन्सिल घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत बदकीण चालायला लागली होती.

फिल्म थिएटरात लागली तेव्हाही लोक असेच हसले होते. आपण आपल्या बायकोचं लंगडणं चव्हाट्यावर मांडलं, हे दिनानाथांना तिथे, त्या अंधारात कळलं. घरी येऊन त्यांनी सांगितलं की फिल्म काही जमली नाही, बघण्यासारखं त्यात काही नाही. पुढे टीव्हीवर ती लागली की ते उठून चॅनल बदलायचे. चाल कुठून सुचली असं कुणी विचारलं, तर उल्हास नदीच्या काठी तासन् तास बदकं बघत बसायचो, असं सांगायचे. आजही त्यांनी कुंदाताईंना घरीच थांबायला सांगून पाहिलं होतं. फार वेळ बसावं लागेल, पाय दुखेल, असं म्हणाले होते. कुंदाताईंनी ऐकलं नाही. ठेवणीतली साडी नेसून त्या दारात तयार उभ्या होत्या.

दिवे लागले. शाळेतल्या तेजस्वी टीचर माइक घेऊन खाली आल्या आणि मुलांच्या वतीने त्यांनी तोच प्रश्न विचारला. दिनानाथांनी तेच उत्तर दिलं. नदी, काठ, बदकं. टाळ्या पडल्या.

मग भूपेशने शाल-श्रीफळासाठी दोघांना स्टेजवर बोलावलं. कुंदाताई उठल्या. त्यांनी डाव्या गुडघ्यावर हात दाबला, हनुवटी वर उचलली आणि चालायला लागल्या. मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. त्या पायऱ्यांपर्यंत पोचल्या तोवर सभागृह चिडीचूप झालं होतं. लहान मुलांनाही कळलं होतं. दिनानाथ आधार द्यायला पुढे झाले. कुंदाताईंनी त्यांचा हात हलकेच बाजूला केला आणि एकट्याच पायऱ्या चढल्या.

फोटो निघाले. दिनानाथांना कुणाच्याही नजरेला नजर देता आली नाही.

शाळेच्या फाटकाबाहेर दोघं रिक्षाची वाट बघत कट्ट्यावर बसले. नारळ मांडीवर तसाच होता. दिनानाथ म्हणाले,

"तुझी चाल मी लोकांना हसायला दिली, कुंदा. तुला तोंड दाखवायची लायकी नाही माझी."

कुंदाताईंना नवल वाटलं नाही. फिल्म लागली त्याच दिवशी आपण ती बघितल्याचं त्यांनी सांगितलं. शेजारच्या गयाबाईंना घेऊन त्या दुपारच्या खेळाला गेल्या होत्या. पहिल्या पावलालाच त्यांनी स्वतःला ओळखलं होतं आणि अख्ख्या थिएटरात सगळ्यात जास्त त्याच हसल्या होत्या. आपल्याकडे कुणी इतकं निरखून बघितलंय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. घरी येऊन त्यांनी शिरा केला होता. नवरा आज आपणहून सांगेल, म्हणून त्या वाट बघत बसल्या होत्या. तो आला आणि फिल्म जमली नाही, एवढंच म्हणाला.

"त्यानंतर जो विचारेल त्याला तुम्ही नदीवरची बदकं सांगत आलात," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्हाला माझी लाज वाटते."