सुधारित आरती

दुसऱ्या कडव्यालाच आरती फसली.

सुरुची वरच्या सुरात चढली आणि तिथेच लटकली. शेजारचा अवधूत झांज थांबवून कीबोर्डकडे बघत राहिला. भोईवाड्यातल्या त्या खोलीत दाटीवाटीने उभे असलेले सगळेजण लहानपणापासून पाठ असलेली आरती विसरले. एवढं मोठं कार्य कीबोर्डवर बसलेल्या अनिशने एकट्याने पार पाडलं होतं.

कॉलेजात असताना तो केकच्या आशेने माझगावच्या एका चर्चच्या क्वायरमध्ये शिरला होता. तिथे शेवटच्या कडव्याला मूळ चालीच्या वर बायका एक वेगळीच, उंच चाल गात. तिला डिस्कँट म्हणतात, एवढं ज्ञान पदरात पाडून तो बाहेर पडला. त्या भांडवलावर यंदा त्याने घरच्या गणपतीच्या आरतीला नवे कॉर्ड बसवले. चुलतबहीण सुरुचीसाठी डिस्कँट रचला. आणि सगळ्यांच्या खाली, खर्जात एक ओळ. ती बाबांसाठी.

खरं तर सगळा खटाटोप त्या ओळीसाठीच होता. घशाच्या ऑपरेशननंतर गंगाधररावांचा आवाज पार फाटला. दरवर्षी खणखणीत आवाजात आरती सुरू करणारे बाबा आता आरतीच्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन बसत. घरात त्यावर कुणी बोलत नसे. अनिशला ते बघवत नव्हतं.

"बाबा, तीनच सूर आहेत. खालचे. सहज जमतील तुम्हाला," तो श्रावणभर मागे लागला होता.

"नको रे. तुमचं चालू दे," एवढंच बाबा म्हणायचे.

आणि आता चाललं होतं ते हे असं! अनिशने घाईघाईने कॉर्ड बदलला. आगीतून फुफाट्यात. आरती थेट शोकसभेत पोचली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. 'वा रे संगीतकार! विसर्जनाआधीच देवाला पळवून लावशील,' त्याने स्वतःलाच सुनावलं. आई निरांजन धरून नुसती उभी होती.

स्वयंपाकघरात खुर्ची करकरली.

"अरे, देवासमोर काय चेष्टा लावलीय!" गंगाधरराव दारात येऊन ओरडले. "बंद कर आधी ते!"

आणि रागाच्या भरात त्यांनीच आरती धरली. आवाज घोगरा, फाटका, पण चाल मूळची. अवधूतची झांज त्यांच्यामागे धावली. सुरुची मुकाट्याने खाली उतरली. मध्येच बाबांना खोकला आला, तेव्हा सगळ्यांनी ओळ लांबवून धरली, आणि ते पुन्हा आत शिरले. मंत्रपुष्पांजलीपर्यंत काही थांबले नाहीत. कीबोर्डमागे अनिश टाळ्या वाजवत होता आणि मुसमुसून रडत होता.

आरतीचं ताट फिरवत आई त्याच्यापाशी आली. तिचेही डोळे वाहत होते. ती कानाशी वाकून म्हणाली,

"पुढच्या वर्षीही असंच काहीतरी भिकार बसव हं, बाळा."