मानेपाशी हिरवा धागा

"तुझाच आहे. पहिल्यापासून तुझ्यासाठीच शिवलाय," लाँड्रीच्या काउंटरवर पिशवी ठेवत नवरी म्हणाली.

"म्हणजे मी करवली?" बुटकीने हातातली इस्त्री उभी करून ठेवली.

"मग दुसरं कोण असणार?"

दुसरीच असणार होती. नवरीच्या ऑफिसातली मैत्रीण, उंच, फोटोत उठून दिसणारी. तिला काल कांजिण्या आल्या आणि लग्न परवावर येऊन ठेपलेलं. चार करवल्यांत एक जागा रिकामी पडली तेव्हा कुठे नवरीला शाळेपासून एका बाकावर बसलेली बुटकी आठवली. खरं तर आठवण पहिल्या दिवशीच झाली होती, पण बाकीच्या तिघी ताडमाड. मध्येच ही आली तर फोटोतली रांग कशी दिसेल, एवढ्याच विचाराने तिने हिला गाळलं होतं. त्या तिघींना विचारायला तिने हॉटेलात जेवायला नेलं होतं. हिला मात्र इस्त्रीच्या वाफेत, काउंटरवरून विचारत होती.

"मला वाटलं, विसरलीस," बुटकी म्हणाली. "पत्रिका आली, त्यात तू काहीच लिहिलं नव्हतंस. म्हटलं, असेल गडबडीत."

"तुला काय विचारायचं? तू तर घरचीच."

हे वाक्य नवरी रस्ताभर घोकत आली होती. ते बरोबर बसलं, आणि बसलं म्हणूनच तिला स्वतःची लाज वाटली.

बुटकीने ओले हात पुसून पिशवीतून मोरपिशी ड्रेस काढला आणि खांद्यांना लावून पाहिला. खालची चांगली वीतभर झालर फरशीवर लोळली.

"लंबू, हा तर तुझ्या मापाचा आहे."

"शिंप्याने घोळ घातला. मी त्याला चार वेळा सांगितलं होतं."

एक खोटं उभं करायचं तर त्याला दुसऱ्याचा टेकू लागतोच. बिचाऱ्या शिंप्याने दिलेल्या मापात बोटभर चूक केली नव्हती.

बुटकीने ड्रेस काउंटरवर उलटा पसरला, आणि नवरीला गळ्याच्या आतल्या शिवणीत हिरवा धागा दिसला. गाठ मारलेला, नखाएवढा. तिने वर पाहिलं. दांडीवर ओळीने कपडे टांगलेले होते. शर्ट, कोट, कुणाचे पडदेसुद्धा. प्रत्येकाला आतून तसाच हिरवा धागा होता. कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून दुकानात आलेल्या प्रत्येक कपड्याला बुटकी स्वतःच्या हाताने ही खूण बांधत असे.

चौघींचे ड्रेस इस्त्री करून आण, म्हणून नवरीने गेल्या आठवड्यात ते आत्याच्या हाती दिले होते. कुठे टाकलेस, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. आणि आत्या म्हणजे गावभर सांगत सुटणारी. करवल्यांचे आहेत, जपून कर, असं ती इथे बजावून गेली असणार यात शंकाच नव्हती. चारही ड्रेस बुटकीच्या हाताखालून गेले होते, आणि चारांतला एकही तिच्या मापाचा नव्हता.

चोराच्या मनात चांदणं. नवरी बुटकीच्या बोटांकडे पाहत राहिली. बोटं शिवणीवरून फिरत गळ्याशी आली, तिथे जराशी थांबली आणि पुढे गेली. पाहिला, की नाही पाहिला?

"बुटके, खरं सांगू का तुला..."

"नको सांगू." बुटकीने ड्रेसची घडी केली. "परवा लग्न आहे. आज आधी उंची कमी करू. थांब, घालून येते."

ती पडद्यामागे गेली. नवरीला वाटलं, आता पळावं. पण परवा चौथी जागा कोण भरणार, हाही विचार त्याच दमात मनात आला, आणि त्याची तिला जास्त लाज वाटली.

बुटकी बाहेर आली ती झालर दोन्ही हातांनी उचलून. स्टूल ओढून ती त्यावर उभी राहिली आणि टाचण्यांची डबी तिने नवरीपुढे धरली.

"बस खाली. तू लाव."

नवरी फरशीवर गुडघे टेकून बसली. एकेक घडी मारत, टाचणी लावत ती स्टुलाभोवती सरकत गेली. बुटकीच्या घोट्यापाशी इस्त्रीचा एक जुना डाग होता. तो झाकला जाईल की दिसेल, याचा तिने आज विचार केला नाही. पूर्ण फेरी झाली.

"झालं," नवरी म्हणाली आणि उठली.

"अजून एक राहिलं. मानेपाशी धागा आहे, तेवढा तोड." बुटकीचा आवाज नेहमीसारखाच होता. "गिऱ्हाइकाच्या कपड्याला बांधते मी तो. हा तर माझाच ना? पहिल्यापासून."

नवरी तिच्या मागे गेली. गळा जरासा उलटून तिने धागा ओढला. धागा तुटेना.

"माझी गाठ तशी सुटत नाही. दाताने तोड."

स्टुलावर उभ्या असलेल्या बुटकीची मान आज नेमकी नवरीच्या तोंडाशी आली होती. नवरीने मान पुढे केली, धागा दातांत धरला. तो तुटला. तरी तिने तोंड वर केलं नाही, दोन्ही हात पुढे टाकून ती तशीच बुटकीला धरून राहिली, आणि मोरपिशी कापडावर ओला डाग पसरत गेला.

"हळू गं," बुटकी म्हणाली. "टाचण्या आहेत."