उरलेलं कापड

शिलाई मशीन माझं, दुकान माझं आणि जीभही माझीच. शाळा दुसरीत सुटली, पण नातीला हलाल-हराम शिकवायला मला कुणाची गरज नाही. काल हातशिलाई करता करता तिला बजावलं, "गिऱ्हाईकाचं कापड म्हणजे अमानत. वीतभर तुकडा उरला तरी ज्याचा त्याला परत द्यायचा. दडपलेल्या चिंधीचासुद्धा अल्लाह जाब विचारतो." पोरगी डोळे मोठे करून ऐकत होती. म्हटलं, चला, या घरात माझ्यानंतर एक तरी शहाणी निपजली.

आज सकाळी एक बाई तणतणत दुकानात आल्या. "अहो, कुडता गुडघ्याच्या वरच राहिलाय! कापड तर भरपूर दिलं होतं मी!"

मी कशाला ऐकून घेतेय? "कापड तुम्हीच कमी आणलंत. या मशीनवर केस पांढरे झाले माझे. गल्लीत कुणालाही विचारा, हरामच्या धाग्याला हात लावला नाही कधी."

बाई वरमल्या. पिशवी उचलून निघणार, तेवढ्यात नात धापा टाकत आली. अंगावर मी शिवून दिलेला नवाकोरा फ्रॉक, पण दोन्ही बाह्या गायब आणि कॉलरही उसवून काढलेली.

"दादी, बाह्या डॉक्टरीणबाईंना देऊन आले, कॉलर शेजारच्या चाचींना. आता हा खालचा घेर कुणाच्या कापडाचा, तेवढं सांग."

 

बाईंनी चष्मा चढवला, घेर चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "बाळ, आता तुला लांब जायला नको."